उन्हेऱ्याचे कुंड आणि न कळणारा चटका

पौष-माघाच्या दिवसांत पेण, नागोठणे, रोहा या पट्ट्यात संध्याकाळी शेताच्या बांधावर जाळ दिसू लागले, की पोपटीचा हंगाम आला हे वेगळे सांगावे लागत नाही. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, मीठ. मडके उपडे ठेवायचे आणि भोवती पेंढा-पाचोळा पेटवायचा. शेंगा शिजेपर्यंत सगळे जाळाभोवती हात शेकत बसतात. घाटावरून आलेला पाहुणा हे बघून हसतो. "तुमची थंडी ती कसली!" असे म्हणतो.

त्याचे हसणे अगदीच खरे नाही. हवामान खात्यानेही कोकणाच्या थंडीला वेगळा हिशेब ठेवला आहे. सपाटीवरच्या ठिकाणी किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आले, तरच थंडीच्या लाटेचा विचार सुरू होतो. किनारपट्टीसाठी हाच आकडा १५ अंश आहे. त्याबरोबर सरासरीपेक्षा साडेचार अंशांची घट झाली, की ती थंडीची लाट मानली जाते. कारण साधे आहे. माणसाचे शरीर आणि माणसाचे घर, दोन्ही आपापल्या हवेला बेतलेले असतात. रोह्याच्या पुढे, कुंडलिकेच्या वरच्या अंगाला असलेल्या भिरा येथे मार्च २०१७ च्या अखेरीस ४६.५ अंश तापमानाची नोंद झाली होती. ज्या मुलखात घर बांधताना उन्हाचा आणि पावसाचा विचार करावा लागतो, तिथे थंडीचा विचार कोणी करत नाही. म्हणून दुपारी घाम फोडणाऱ्या दिवसाची पहाट जेव्हा पंधरा अंशांवर येते, तेव्हा म्हाताऱ्या माणसांचे गुडघे धरतात, दम्याच्या रुग्णांचा श्वास अडतो आणि घरात जी मिळेल ती ऊब शोधली जाते.

ती ऊब या पट्ट्यात प्रामुख्याने दोन ठिकाणी मिळते. एक, सुधागड तालुक्यातले उन्हेऱ्याचे गरम पाण्याचे कुंड. दुसरी, घरातलीच: न्हाणीघरातला गॅस गीझर, बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी, खाटेखाली ठेवलेले निखारे. दोन्ही ठिकाणी जाण्याची गरज खरी आहे. आणि दोन्ही ठिकाणी एकच धोका आहे, तो म्हणजे शरीराला न कळणाऱ्या गोष्टीचा.

पाणी तापते ते कशाने

पालीला बल्लाळेश्वराच्या दर्शनाला आलेली मंडळी पुढे तीन-चार किलोमीटरवर उन्हेऱ्याला जातात. पेणहून नागोठणे-वाकणमार्गे येणारे, रोह्याहून येणारे, आणि सांधेदुखीसाठी किंवा अंगावरच्या खाजेसाठी मुद्दाम येणारेही पुष्कळ. "गंधकाचे पाणी आहे, कातडीला चांगले," ही समजूत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे.

उन्हेरे एकटे नाही. महाडजवळचे सव, दापोली तालुक्यातले उन्हवरे, संगमेश्वर तालुक्यातले तुरळ, राजवाडी आणि आरवली, राजापूरजवळचे उन्हाळे, उत्तरेला वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी, त्याच्याही पुढे पालघर जिल्ह्यातली कुंडे, अशी ही रांग सह्याद्रीच्या पायथ्याने उत्तर-दक्षिण तीनशे किलोमीटरहून अधिक पसरलेली आहे. या रांगेखाली ज्वालामुखी जागा आहे असे काहींना वाटते, तसे नाही. कोकणातला काळा पाषाण ज्या लाव्हापासून बनला तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजला, त्याची धग केव्हाच निवाली. पाणी तापते ते खोलीमुळे. जमिनीत खाली जावे तसे दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी तापमान वाढते. सह्याद्रीवर पडलेला पाऊस खडकांच्या भेगांतून खोल उतरतो, तिथे तापतो आणि जिथे मोठ्या भेगांनी वाट दिली तिथे पुन्हा वर येतो. म्हणजे उन्हेऱ्याला अंगावर घेतलेले पाणी हे पावसाचेच पाणी आहे, फक्त लांबचा फेरा मारून आलेले.

गंधक पाणी तापवत नाही. काही झऱ्यांना येणारा वास पाण्यातल्या गंधकाच्या संयुगांचा असतो, पण त्याचे प्रमाण लिटरमागे अगदी थोडे असते. खरजेवर गंधकाचे मलम पूर्वीपासून वापरले जाते आणि आजही काही रुग्णांत, विशेषतः तान्ह्या मुलांत, त्याचा उपयोग होतो. मात्र त्या मलमात गंधक पाच ते दहा टक्के असते. कुंडातल्या पाण्याशी त्याची बरोबरीच होऊ शकत नाही. लोकांच्या समजुतीत सत्याचा एक कण असतो तो असा. कणाचा मण करू नये एवढेच.

कुंडात काय मिळते, काय मिळत नाही

मग कुंडात जाऊन काहीच उपयोग नाही का? आहे. गरम पाण्यात शरीराचे वजन हलके होते, स्नायूंचा ताठा कमी होतो, कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. गुडघ्याच्या झिजेने त्रासलेल्या माणसाला अशा आंघोळीनंतर काही तास, कधी काही दिवस, बरे वाटते. हा आराम खोटा नाही. दुखणाऱ्या माणसाला मिळालेला चार घटकांचा आराम हीसुद्धा लहान गोष्ट नव्हे. पण झिजलेला सांधा त्याने भरून येत नाही, संधिवाताची सूज आतून थांबत नाही, आणि कातडीचा संसर्ग तर मुळीच बरा होत नाही.

इथेच पहिली अडचण सुरू होते. नायटा किंवा गजकर्ण झालेला माणूस दर रविवारी कुंडावर जातो, एकाच पंचाने सगळे अंग पुसतात, आणि बुरशी एका अंगावरून दुसऱ्यावर जाते. खरूज झालेल्या मुलाला कुंडात बुडवून आणतात. घरातल्या बाकीच्यांवर उपचार होत नाहीत आणि आठवड्यात पुन्हा सगळे खाजवू लागतात. खरजेवर औषध आहे, ते सोपे आहे. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचे आणि कपडे-पांघरुणे गरम पाण्यात धुऊन उन्हात घालायची, एवढीच अट. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असे होऊ नये.

पण खाज येते ते दुखणे त्यातल्या त्यात बरे म्हणावे. ते निदान जाणवते. खरा घात करतात ती जाणवत नसलेली दुखणी.

ज्या पायाला चटका कळत नाही

डोळ्यांसमोर असा एक माणूस आणावा. वय साठीच्या पुढे, मधुमेह दहा-बारा वर्षांचा, गोळ्या चालू पण साखर कधी तपासलेली, कधी नाही. हिवाळा लागला की त्याची तक्रार सुरू होते: पाय गार पडतात, मुंग्या येतात, तळव्याला कापूस बांधल्यासारखे वाटते. घरचे म्हणतात, रक्त फिरत नाही, शेक द्या. मग रात्री पाय शेगडीजवळ, किंवा रबरी पिशवी पायांशी, आणि सुटीच्या दिवशी उन्हेरे. तो पाण्यात उतरतो आणि इतरांना म्हणतो, "कुठे गरम आहे एवढे?" दुसऱ्या दिवशी मोज्याला काहीतरी ओले लागते, तेव्हा फोड दिसतो. आठवड्याने त्याची जखम होते. मधुमेहात ती भरत नाही, हाडापर्यंत जाते, आणि सरकारी रुग्णालयाच्या शस्त्रक्रिया विभागात जो प्रश्न शेवटी विचारला जातो तो असतो: बोट काढायचे, की पाऊल?

अशी गोष्ट कोणत्याही जिल्ह्यातल्या डॉक्टरला नवी नाही. तिचे शास्त्र थोडक्यात असे: मधुमेहात पायांच्या टोकांकडच्या नसा आधी निकामी होतात. त्या निकामी होताना खोटे निरोप पाठवतात. पाय प्रत्यक्षात गार नसतानाही गार वाटतो. आणि खरा निरोप, म्हणजे चटका, मेंदूपर्यंत पोचतच नाही. म्हणजे ज्याला उबेची सर्वांत जास्त ओढ, त्यालाच तिचा सर्वांत जास्त धोका. पुन्हा अशा माणसाला कुंडाचे पाणी इतरांपेक्षा सोसवते, याचे आजूबाजूच्यांना कौतुक वाटते. ते कौतुक करण्यासारखे नाही. ते दुखण्याचे लक्षण आहे.

उन्हेऱ्याचे पाणी साधारण चाळीस अंशांच्या आसपास असते, म्हणजे अंगाला सोसेल असे. धडधाकट माणसाची कातडी त्याने भाजत नाही. पण कातडी भाजण्यासाठी उष्णता आणि वेळ या दोघांचा गुणाकार लागतो. साठ अंशांच्या पाण्यात पाच सेकंदांच्या आत गंभीर भाजते. ४९ अंशांना त्याच जखमेला काही मिनिटे लागतात. रक्तपुरवठा कमी असलेल्या, भेगाळलेल्या, बधिर पायाला तर याहूनही कमी पुरते. शिवाय झरा जिथे उगवतो तिथले पाणी आणि कुंडाच्या कडेचे पाणी सारखे नसते. आणि उन्हेऱ्याचा अनुभव घेऊन माणूस तुरळला किंवा उन्हवऱ्याला गेला, तर तिथे पाणी साठ अंशांच्या पलीकडचे आहे हे त्याचा पाय त्याला सांगणार नाही. निखाऱ्याच्या आणि रबरी पिशवीच्या बाबतीतही हेच.

बधिरपणाचे दुसरे कारण अधिक जुने आणि अधिक लपवलेले आहे: कुष्ठरोग. तो संपला असे शहरात मानले जाते. रायगडच्या आदिवासी वाड्यांवर आजही नवे रुग्ण सापडतात. कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा, त्याला खाज नाही, दुखत नाही, तिथे घाम येत नाही, केस विरळ होतात, आणि स्पर्श कळत नाही. न दुखणाऱ्या चट्ट्यासाठी दवाखान्यात कोण जाणार? पण "कातडीचे काहीतरी आहे" म्हणून कुंडावर जाणारे पुष्कळ. तिथे काही महिने जातात, मग नस जाड होते, करंगळी वाकते, पायाला न दुखणारी जखम होते. बहुविध औषधोपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो, सहा महिने ते वर्षभर घ्यावा लागतो, आणि वेळेत घेतला तर माणूस कोणत्याही व्यंगाशिवाय पूर्ण बरा होतो. उपचार सुरू झाल्यावर त्याच्यापासून इतरांना लागण होण्याचा धोकाही लवकरच संपतो. म्हणजे कुंडावर काढलेले ते काही महिने औषधाच्या दृष्टीने नुसते वाया गेलेले नसतात. त्या महिन्यांची किंमत बोटे देतात.

छाती, डोके आणि नाक

थंडीत कातडीकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, हृदयावरचा भार वाढतो. जगभर हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात हिवाळ्यात जास्त होतात ते यामुळेच. गरम पाण्यात उतरले की याच्या उलट होते: रक्तवाहिन्या एकदम रुंदावतात, दाब खाली येतो. रक्तदाबाच्या गोळ्या घेणारा माणूस वीस मिनिटे बसून झटक्यात उठला तर डोळ्यांपुढे अंधारी येते, ओल्या पायरीवर पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते. आणि ओलेत्याने बाहेर पहाटेच्या वाऱ्यात उभे राहिले की रक्तवाहिन्या पुन्हा आकसतात. घडीत गार, घडीत गरम, ही ओढाताण तरुण हृदय सोसते. झडपा किंवा धमन्या खराब असलेले हृदय सोसेलच असे नाही.

गरम झऱ्यांचा देश म्हणजे जपान. तिथे हिवाळ्यात न्हाणीघरात दगावणाऱ्या वृद्धांची संख्या दरवर्षी हजारांत जाते. म्हणून तिथल्या सरकारी यंत्रणा सांगतात: पाणी ४१ अंशांच्या आत ठेवा, दहा मिनिटांच्या वर बसू नका, कपडे बदलायची खोली आधी उबदार करा, आणि घरातल्यांना सांगून आंघोळीला जा. ज्यांची संस्कृतीच गरम पाण्यात भिजलेली आहे, ते लोक घड्याळ लावून बसतात. पेण-रोह्याच्या लोकांनी हे घ्यायला हरकत नाही. उन्हे वर आल्यावर जावे, भरल्या पोटी किंवा दारू पिऊन उतरू नये, आधी पाय, मग गुडघे, मग अंग. दहा मिनिटांत बाहेर. पायरीवर क्षणभर बसून मग उभे राहावे. कोरडा पंचा आणि कपडे हाताशी ठेवावेत. गरोदर बाईने, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, गरम कुंडात बसून राहू नये. शरीराचे तापमान वाढणे गर्भाला बाधक ठरू शकते. तान्ह्या मुलाला बुडवू नये. अंगावर उघडी जखम असलेल्याने स्वतःसाठी आणि इतरांसाठीही पाण्यात उतरू नये.

नाकाचाही एक प्रश्न आहे. केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये मेंदूला होणाऱ्या ज्या अमीबाच्या संसर्गाने लोकांना धास्तावले, त्यातला नेग्लेरिया हा जीव कोमट-गरम गोड्या पाण्यात वाढतो, ४६ अंशांपर्यंत तग धरतो. पाणी प्याल्याने तो बाधत नाही. नाकातून वर गेला तरच मेंदू गाठतो. हा आजार अतिशय दुर्मिळ आहे, त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. पण तो झाला तर बहुतेक रुग्ण दगावतात आणि टाळण्याची युक्ती फुकटची आहे: डोके पाण्याबाहेर ठेवावे, डुबकी मारू नये, मुलांना उड्या मारू देऊ नयेत, नाकात पाणी ओढून नेती करू नये.

घरातली ऊब

कुंडावर माणूस वर्षातून एकदा-दोनदा जातो. घरातली ऊब रोजची. पूर्वीच्या कोकणी घराला मंगलोरी कौले होती, कौलांच्या फटी होत्या, आढ्याखाली वारा खेळत असे. आदिवासी वाडीवरच्या घराची भिंत कारवीच्या कुडाची. न्हाणी परसात, तिथे चुलाणावर हंडा किंवा तांब्याचा बंब. धुराने डोळे चुरचुरत, फुफ्फुसे खराब होत, ते नुकसान खरेच होते. पण जळण्यातून तयार होणारा विषारी वायू कोंडून राहत नसे. आता पेण आणि रोहा शहरांत स्लॅबच्या इमारती झाल्या, सरकत्या काचांच्या खिडक्या आल्या, चार बाय सहा फुटांचे बाथरूम आले. घर बदलले, पण जाळण्याची सवय बदलली नाही. गळके घर ज्या चुका पोटात घालत होते, त्या बंद घर घालत नाही.

साधारण सहा लिटरचा गॅस गीझर स्वयंपाकाच्या चार-पाच बर्नरइतका जाळ एका वेळी करतो. बंद बाथरूममध्ये तो दहा-पंधरा मिनिटे चालला की हवेतला ऑक्सिजन कमी होतो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही, त्याने ठसका लागत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके जड होते, मळमळते, मग पायांतले बळ जाते. दार उघडावे हे सुचते तेव्हा कडीपर्यंत हात पोचत नाही. महाराष्ट्रात दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत येणाऱ्या "बाथरूममध्ये मृतावस्थेत आढळले" या बातम्यांतल्या कित्येकांमागे हे कारण असते, आणि मरणारे बहुधा तरुण व निरोगी असतात. बधिर पायाला चटका कळत नाही. इथे निरोगी माणसाच्या नाकाला विष कळत नाही.

हाच वायू शेगडीतल्या लालबुंद निखाऱ्यांतूनही निघतो. धूर संपला म्हणजे धोका संपला, असा समज सर्वत्र आहे. उलट धूर नसलेला निखाराच जास्त फसवतो, कारण धुराने माणूस निदान उठून बाहेर जातो. बाळंतिणीच्या खोलीत तर दारे-खिडक्या मुद्दाम बंद असतात, फटींत चिंध्या कोंबलेल्या असतात, खाटेखाली शेगडी आणि वर ओवा, वावडिंग, बाळंतशेपांची धुरी. हे सगळे मायेपोटी केलेले असते. सासूने, आईने, आजीने हेच केले. पण त्यांच्या खोलीला कौलांच्या फटी होत्या. आजच्या खोलीत आईला डोकेदुखी आणि ग्लानी येते तिला "बाळंतवारा" म्हणतात, आणि बाळाच्या इवल्या फुफ्फुसांत धूर जातो.

बाळाला ऊब हवी हे म्हातारीचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. नवजात बाळ, त्यातही कमी वजनाचे, फार लवकर गार पडते. पण त्याला सर्वांत चांगली शेगडी म्हणजे आईची छाती. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात, काचेच्या पेट्या पुरेनात म्हणून डॉक्टरांनी कमी वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवली. ती पद्धत आज कांगारू मातृसेवा म्हणून जगभर मान्य आहे. टोपी, मोजे, कोरडे लंगोट, छातीशी कातडीला कातडी, वरून दोघांना पांघरूण, आणि जन्मानंतरची पहिली आंघोळ निदान एक दिवस लांबवणे, यात विस्तव कुठेच लागत नाही.

गॅस गीझर असेल तर तो बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. ते होईपर्यंत दार उघडे ठेवून बादली भरावी, गीझर बंद करावा आणि मगच आंघोळीला जावे. आत कोणी असताना गीझर चालता नको, हा घरातला कायदा करावा. झडपेची खिडकी कागदाने बंद करू नये. निखाऱ्यांची शेगडी झोपण्यापूर्वी घराबाहेर गेलीच पाहिजे. विजेचा हीटर असेल तर त्याच्यासमोर ओले कपडे, गादी, मच्छरदाणी नको. पाण्यातला विजेचा रॉड बटण बंद करून, प्लग काढूनच उचलावा. एकाच घरातल्या दोन-तीन माणसांचे एकाच वेळी डोके दुखू लागले, मळमळू लागले, तर पित्ताची गोळी शोधू नये. दारे-खिडक्या उघडून सगळ्यांनी बाहेर यावे आणि १०८ ला फोन करावा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये. या विषबाधेत तो ९८-९९ असाच आकडा दाखवत राहतो. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण तास-दीड तास. म्हणून रुग्ण शुद्धीवर दिसला तरी रुग्णालय गाठलेच पाहिजे. आणि भाजले असेल तर वीस मिनिटे वाहते साधे पाणी. टूथपेस्ट, हळद, शाई काही नाही.

ज्यांच्याकडे दारच नाही

हे सगळे सल्ले घर असलेल्यांसाठी झाले. दिवाळीनंतर या तालुक्यांतली कित्येक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. त्यांचे हिवाळ्यातले घर म्हणजे भट्टीच्या अंगाला उभारलेले झोपडे. ऊब भट्टीची, धूरही भट्टीचाच. पहाटेच्या गारठ्यात भट्टीजवळ सरकणारे मूल भाजते, लांब झोपणारे न्यूमोनियाने आजारी पडते. त्यांना "खेळती हवा ठेवा" असे सांगणे ही थट्टा होईल. तिथे लागते ती भट्टीमालकाने भट्टीपासून अंतर राखून, वाऱ्याच्या उलट बाजूला दिलेली निवाऱ्याची जागा, घोंगड्या, आणि मुलांच्या लसीकरणाची नोंद गावाकडून भट्टीवर पोचवणारी आरोग्यसेविका. न्यूमोनियाची लस सरकारी लसीकरणात मोफत आहे. स्थलांतर झाले म्हणून दुसरा डोस चुकू नये, एवढी व्यवस्था अशक्य नाही.

दवाखानाच कुंडावर नेला तर

गरम पाण्याच्या कुंडांकडे आरोग्य खात्याने दुर्लक्ष करणे सोपे आहे: ती श्रद्धेची आणि सहलीची जागा, तिथे वैद्यकशास्त्राचे काय काम? उलट काम तिथेच आहे. ज्या मधुमेही पायाची तपासणी करायला शिबिरे भरवावी लागतात, तो पाय कुंडाच्या पायरीवर आपण होऊन उघडा पडतो. ज्या चट्ट्यासाठी आशाताई वाड्या-वस्त्या पालथ्या घालतात, तो चट्टा घेऊन माणूस बसभाडे खर्चून कुंडावर येतो. असा रुग्ण शोधत फिरण्यापेक्षा तो जिथे येतो तिथे जाऊन बसणे शहाणपणाचे. माघी गणेश जयंतीला पालीला मोठी गर्दी होते. तेव्हापासून हिवाळ्यातले रविवार धरून एक आरोग्यसेवक, एक परिचारिका आणि एक टेबल उन्हेऱ्याला बसले तरी पुरे. पायाची संवेदना तपासायला दहा ग्रॅमचा नायलॉनचा धागा लागतो. तळव्याला टेकवायचा आणि विचारायचे, कळते का? चट्ट्यासाठी कापसाची वात. दोन मिनिटांचे काम. ज्याला कळत नाही, त्याला कुंडापासून परतवून न लावता बादलीत कोमट पाणी द्यायचे आणि चिठ्ठी लिहून पेण किंवा रोह्याच्या सरकारी रुग्णालयात पाठवायचे. पाय वाचतो तो इथे.

त्याबरोबर कुंडाशी एक फळा असावा: आजचे तापमान खडूने लिहिलेला, आणि खाली मोठ्या अक्षरांत चार ओळी. मधुमेह किंवा बधिरपणा असेल तर आधी दुसऱ्याने कोपराने पाणी पाहावे. दहा मिनिटांत बाहेर यावे. डुबकी नको. साबण आणि कपडे धुणे बाहेरच्या नळावर. धरायला कठडा, न घसरणारी पायरी आणि रोज सकाळी रिकामे करून घासलेले कुंड. शहरात नगर परिषदेने बांधकामाला परवानगी देताना न्हाणीघराच्या झडपेकडे आणि गीझरच्या जागेकडे पाहावे. गीझर बसवणाऱ्या कारागिराने तो आत बसवायला नकार द्यावा. यातल्या कशालाच मोठा निधी लागत नाही.

आणि घरात एक साधी सवय. रात्री झोपताना घरातल्या मधुमेही माणसाचे तळवे कोणीतरी हाताने चाचपून पाहावेत, फोड, भेग, लाली आहे का ते. थंडीत त्याला सुती मोजे द्यावेत. शेगडी आणि रबरी पिशवी लांब ठेवावी. हात लावणाऱ्याला ऊब कळते, पायाला कळत नाही, म्हणून त्या पायाचे कळणे दुसऱ्याने आपल्याकडे घ्यायचे.

पोपटी लावणारे हे जुने शहाणपण रोज पाळतात. जाळ उघड्यावर, वारा बघून, पाणी जवळ ठेवून. पोरांना दोन हात लांब बसवून. शेंगा शिजल्या की निखारे विझवून, माती टाकूनच लोक घरी जातात. विस्तव कोणी घरात नेत नाही.